आधी माथा, मग पायथा: दगडखदानीत सुरक्षित कामाचा क्रम

नागपूरच्या आसपासच्या गिट्टी खदानींत हेल्मेट आता बऱ्यापैकी दिसतात. अपघात मात्र त्याच त्याच प्रकारचे होत राहतात. वरून दगड सुटतो, सुरुंगाचा तुकडा लांब उडून लागतो, मागे येणारा हायवा (दगड वाहणारा मोठा टिपर) माणसाला चिरडतो, क्रशरमध्ये हात जातो. माझ्या मते यामागे सामानाच्या कमतरतेपेक्षा कामाचा चुकलेला क्रम जास्त आहे. माणूस सकाळी आला की थेट कड्याखाली जातो, आणि कडा बघायची आठवण दुपारी होते. सुरुंग उडाल्यावर धूळ बसायच्या आत पोकलेन (खोदाईचं यंत्र) पुढे सरकते. बेल्ट अडकला की आधी हात जातो, मग स्विच बंद होतो.

हा लेख मुकादम, मेट (पाळीची सुरक्षितता बघणारा दाखलाधारक), लहान खदानीचे मालक, कंप्रेसरवाले आणि क्रशरवरचे लोक यांच्यासाठी आहे. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: खदानीत काम वरून खाली येतं. तपासणी वरून सुरू होते, सफाई वरून होते, खोदाई वरून होते आणि माणसं सगळ्यांत शेवटी खाली उतरतात.

## काम सुरू होण्याआधी: कागद, माणसं, सामान

"परवाना आहे, रॉयल्टी भरतो, अजून काय पाहिजे?" हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या मालकाच्या तोंडी असतं. गौण खनिजाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो आणि तो दगड काढायचा हक्क देतो. माणसं जिवंत ठेवायचे नियम वेगळे आहेत आणि ते बघणारं खातंही वेगळं आहे: खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस. त्याचं कार्यालय नागपुरातच आहे, तेव्हा लांब पडतं ही सबब चालणारी नाही.

दगड, मुरूम, गिट्टीच्या उघड्या खदानीला खाणीच्या कायद्यातून बरीच सूट मिळते, पण तीन अटी एकदम पाळल्या तरच. सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खोल बिंदूपर्यंतची खोली ६ मीटरच्या वर जायला नको. कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत. स्फोटकं अजिबात नकोत. वर्षातून एकदा सुरुंग लावला तरी सूट संपली. या हिशेबानं काळा दगड काढणारी जवळपास प्रत्येक खदान कायद्यात बसते.

खाण कायदा १९५२ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेनं घेतली आहे. कड्याच्या उंचीची आणि सुरुंगाची जी मापं पुढे दिली आहेत, ती १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समधली, म्हणजे कोळसा आणि तेल सोडून इतर खाणींच्या नियमांतली आहेत. तुमच्या परवानगीपत्रात याहून कडक अट लिहिली असेल तर तीच धरा.

माणसांबाबत तीन गोष्टी कामावर घेण्याआधीच बघायच्या. वय १८ च्या खाली नको. "मुकादमाचा पोरगा आहे, नुसतं पाणी आणतो" हेही नको. छातीचा एक्स-रे आणि फुंकणीची (फुप्फुसांची ताकद बघणारी) तपासणी कामाला लागण्याआधी व्हायला हवी आणि नंतर दर ५ वर्षांनी. तिसरी गोष्ट दाखल्यांची. मेट आणि ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) यांचे दाखले त्याच माणसाचे असावेत, जो रोज प्रत्यक्ष हजर असतो. दाखला एकाच्या नावावर आणि बत्ती दुसऱ्याच्या हातात, ही तडजोड सगळ्यांना ठाऊक असते आणि अपघात झाल्यावरच तिची चर्चा होते.

खदानीवरचे बरेच मजूर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून येतात. सूचना त्यांना कळेल अशा भाषेत सांगा आणि परत म्हणून घ्या. मराठीत छापलेला फलक शेडला टांगून जबाबदारी संपत नाही.

सामान घेताना खालचे आयएस क्रमांक वस्तूवर छापलेले आहेत का ते बघा:

- हेल्मेट: आयएस २९२५. हनुवटीचा पट्टा बांधलेला हवा. वाकलं की खाली पडणारं हेल्मेट नसल्यात जमा.
- बूट: आयएस १५२९८, पुढे पोलादी टोपी असलेले.
- कमरेचा आणि खांद्यांचा पूर्ण पट्टा: आयएस ३५२१, सोबत दोर.
- धुळीचा मास्क: आयएस ९४७३. गमछा किंवा दुपट्टा जाड धूळ अडवतो. फुप्फुस खराब करणारी बारीक धूळ त्यातून आरपार जाते.

याशिवाय कानातले बोळे, गॉगल, शिट्ट्या, लाल झेंडे, हाताचा सायरन, लांब सब्बल, प्रथमोपचाराची पेटी आणि स्ट्रेचर. स्ट्रेचर नसेल तर माणसाच्या उंचीची जाड फळी तरी शेडमध्ये कायम ठेवा. तिचा उपयोग शेवटी येईल.

## टप्पा १: सकाळची फेरी, माथ्यावरून

पहिला माणूस खाली उतरायच्या आधी मेटनं माथ्यावर जायचं. खालून मान वर करून बघितलेला कडा ही तपासणी नव्हे. खालून दगडाचा चेहरा दिसतो, त्याच्या मागची भेग दिसत नाही.

माथ्यावर काय बघायचं?

काठापासून ३ मीटरपर्यंत सुटा दगड, झाड, मातीचा ढीग काहीही असता कामा नये. इथेच सर्वांत जास्त हलगर्जी होते, कारण वरची माती काढून ती तिथेच काठावर लोटणं सोपं जातं. पहिल्या पावसात तो ढीग खाली येतो.

काठाला समांतर जाणारी नवी भेग शोधा. सापडली तर दोन्ही बाजूंना चुन्याची खूण करा आणि तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी खुणांमधलं अंतर वाढलं असेल तर त्या भागाखालचं काम बंद.

मग पायऱ्यांची मापं. कठीण दगडात एका पायरीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. वरच्या माती-मुरमाच्या थरात पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको, किंवा मग उतार ४५ अंशांपेक्षा उभा नको. बऱ्याच खदानींत पायरी कागदावरच्या नकाशात असते आणि जागेवर माथ्यापासून तळापर्यंत एकच सरळ भिंत. ती भिंत असेल तर पुढचे सगळे टप्पे वाचून फारसा फायदा नाही. आधी वरून पायरी पाडून घ्या.

नागपूरकरांनी आपला दगडही ओळखायला हवा. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, पूर्वेकडे गेलं की ग्रॅनाइट-नाइससारखे जुने खडक लागतात. बेसाल्ट दोन तऱ्हांनी दगा देतो. उभ्या सांध्यांमुळे खांबासारखे तुकडे मोकळे होतात आणि मुळापासून न सरकता माथ्याकडून पुढे कलंडतात. वरच्या झिजलेल्या थरात तो कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटत जातो, आत गोल धोंडे उरतात आणि मुरमात बसलेले हे धोंडे पाऊस पडला की घरंगळतात. पूर्वेकडच्या खडकात पापुद्रे असतात. त्यांचा कल खदानीच्या खड्ड्याकडे असेल तर अख्खी लादी घसरते. त्या खडकात गारेचं (क्वार्ट्झचं) प्रमाण जास्त, त्यामुळे सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचा धोकाही तिकडे जास्त.

तपासा: फेरी झाल्यावर मेटनं वहीत वेळ, कोणता भाग चांगला, कोणता बंद, एवढं लिहून सही करायची. सही होईपर्यंत कंप्रेसर सुरू करायचा नाही. वही संध्याकाळी एकदम भरली जात असेल तर ती वही फक्त तपासनीसासाठी आहे, कामगारांसाठी नाही.

## टप्पा २: लूज पाडणं

लूज, म्हणजे कड्यावरचे सुटे दगड, पाडून कडा साफ करणं म्हणजे ड्रेसिंग. खदानीतलं सर्वांत धोक्याचं काम हेच, आणि ते बहुतेक वेळा सर्वांत नव्या पोराला दिलं जातं, कारण जुने ड्रिलर मशीनवर असतात. हे उलटं करा. लूज पाडायला सर्वांत अनुभवी माणूस द्या.

१. खालचा भाग पूर्ण रिकामा करा. पायथ्यापासून निदान कड्याच्या उंचीएवढं अंतर मोकळं हवं, दगड उसळतो तिथे दुप्पट. दोन्ही बाजूंना एकेक माणूस शिट्टी घेऊन उभा करा.

२. दगडावर सब्बल आपटून आवाज ऐका. घट्ट दगड खणखणीत वाजतो. सुटलेला भद्द आवाज देतो. कंप्रेसर किंवा पोकलेन चालू असेल तर हा फरक ऐकूच येत नाही, म्हणून या वेळेत यंत्रं बंद.

३. पट्ट्याचा दोर माथ्यावर आत, काठापासून लांब, पक्क्या ठोकलेल्या खुंट्याला बांधा. जो धोंडा पाडायचा त्याच्याच वरच्या दगडाला दोर बांधलेले मी पाहिले आहेत. १.८ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडायची शक्यता असेल तिथे पट्टा, दोर किंवा कठडा यांपैकी काहीतरी लागतंच.

४. सुरुवात सर्वांत वरच्या लूजपासून. कड्याचा एक आडवा पट्टा पूर्ण साफ करून मगच खाली सरका. खालचा आधी पाडला तर वरचा तुमच्या डोक्यावर येतो.

५. सब्बल अंगाच्या बाजूला धरा, पोटासमोर नको. दगड अचानक सुटला की सब्बलीचं मागचं टोक जोरात फिरतं आणि बरगड्यांवर बसतं.

६. मागे हटायची वाट आधी बघून ठेवा. पायाखाली चुरी किंवा गोटे असतील तर ते आधी झाडा.

थांबा: दगड हलतो पण पडत नाही, अशा वेळी "उद्या बघू" म्हणून खाली काम सुरू करणं ही ठराविक चूक आहे. न पडणारा दगड पोकलेननं पाडा. तेही जमत नसेल तर त्याच्या खालचा भाग दोर बांधून बंद करा आणि वहीत लिहा.

पोकलेननं लूज काढताना यंत्राचे पट्टे कड्याकडे सरळ तोंड करून ठेवा, म्हणजे सरळ मागे निघता येतं. कड्याला समांतर उभं राहिलेलं यंत्र वळेपर्यंत दगड केबिनवर असतो. बूम (यंत्राचा हात) पोहोचते त्याहून कडा उंच असेल तर त्या पोकलेननं तिथे काम करायचं नाही. खालून पोखरून वरचा भाग आपोआप पाडायची पद्धत डिझेल वाचवते म्हणून आवडती आहे. नियमानं ती बंद आहे आणि तिच्यानं किती जण दबले याच्या गोष्टी प्रत्येक खदानीवर ऐकायला मिळतात.

## टप्पा ३: ड्रिलिंग

ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आणि त्याला जोडलेल्या जॅकहॅमर (हवेवर चालणारी भोक मारायची यंत्रं), हा लहान खदानीचा नेहमीचा संच. ट्रॅक्टर पायरीवर आडवा, चाकांना दगडाच्या उट्या, काठापासून आत. हवेच्या नळीचा प्रत्येक सांधा क्लॅम्पनं घट्ट आणि वर साखळीनं किंवा तारेनं बांधलेला. सांधा सुटलेली नळी सापासारखी फिरत नाही, ती चाबकासारखी लागते, डोळा जातो.

ड्रिलर काठाकडे तोंड करून उभा राहतो, पाठ आतल्या बाजूला. पाठ काठाकडे करून मागे मागे सरकत ड्रिल मारणं ही सवय बघितली की लगेच थांबवा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या सुरुंगाच्या उरलेल्या भोकात पुन्हा ड्रिल मारायचं नाही. कितीही रिकामं दिसलं तरी नाही. आयतं भोक मिळालं की अर्धी मेहनत वाचते, म्हणून हा मोह होतो; तळाशी न उडालेली स्फोटकं असू शकतात आणि ड्रिलच्या ठोक्यानं ती उडतात. ड्रिलिंगच्या आधी पायरी झाडून सगळी जुनी भोकं शोधा, त्यांत लाकडी खुंटी ठोका आणि मगच नव्या भोकांच्या खुणा करा.

धुळीसाठी पाण्यासह ड्रिलिंग हाच खरा उपाय आहे. मास्क त्याच्या नंतर येतो. "पाणी टाकलं की मशीन जड चालते" ही तक्रार खरी आहे, आणि तरीही पाणी टाकायचं. सिलिकोसिस बरा होत नाही. सुरुवातीला खोकला आणि धाप एवढंच असतं, त्यामुळे कित्येकांना नुसतं क्षयाचं औषध चालू राहतं. डॉक्टरकडे गेल्यावर "मी इतकी वर्षं दगडाच्या खदानीत आहे" हे वाक्य रुग्णानं स्वतःहून सांगायला हवं; डॉक्टर विचारतीलच असं नाही. सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो, म्हणून दोन्ही तपासण्या लागतात.

## टप्पा ४: सुरुंगाची वेळ

भोकं कशी भरायची हे इथे लिहिणार नाही. ते दाखलाधारक ब्लास्टरचं काम आहे आणि त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. बाकीच्यांनी काय करायचं ते मात्र सविस्तर सांगतो, कारण उडालेल्या दगडानं जखमी होणारे लोक अनेकदा ब्लास्टिंगच्या टोळीतले नसतातच. रस्त्यावरून जाणारा असतो, बकऱ्या चारणारा असतो, शेजारच्या खदानीतला असतो.

वेळ ठरलेली ठेवा आणि ती दिवसाउजेडी असू द्या. पाचगावसारख्या भागात खदानी एकमेकींना खेटून आहेत, तेव्हा शेजारच्या मुकादमाला आधी निरोप द्या आणि त्याच्याकडून "माणसं हटवली" असं उलट उत्तर घ्या. नुसता निरोप पोहोचवून भागत नाही.

नियमातलं धोक्याचं वर्तुळ ३०० मीटर त्रिज्येचं आहे. परवानगीपत्रात ५०० लिहिलं असेल तर ५००. हे अंतर पावलांनी मोजायचं नाही. एकदा टेपनं मोजून प्रत्येक वाटेवर रंगवलेला दगड पुरा. वर्तुळात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर, पायवाट धरून, लाल झेंडा घेतलेला माणूस हवा. मुख्य रस्त्यावर दोन माणसं उभी करून मागची शेतातली वाट मोकळी सोडणं ही रोजची चूक.

क्रम असा:

१. पहिला सायरन. यंत्रं बंद, सगळे निवाऱ्याकडे. निवारा म्हणजे वरून पक्कं छत असलेली जागा. हायवाच्या खाली शिरणं किंवा झाडामागे उभं राहणं निवारा नव्हे.

२. हजेरीच्या वहीवरून नावं घेऊन मोजणी. "सगळे आले" या आवाजावर विश्वास ठेवू नका. संडासला गेलेला आणि सावलीत झोपलेला, हे दोघं हटकून सुटतात.

३. झेंडेवाल्यांकडून एकेकाची "मोकळं" अशी खूण.

४. दुसरा सायरन, आणि मगच ब्लास्टर उडवतो.

५. "मोकळं"चा तिसरा सायरन ब्लास्टरनं जागा तपासल्यानंतरच. तोपर्यंत झेंडेवाला जागा सोडत नाही, समोर आमदाराची गाडी उभी असली तरी.

थांबा: आकाशात गडगडाट ऐकू आला तर भरणं थांबवा, सगळ्यांना लांब न्या. मे अखेर आणि जूनमध्ये विदर्भात दुपारनंतर विजा पडतात, म्हणून त्या दिवसांत सुरुंग सकाळी उरकलेला बरा. भरलेल्या भोकांजवळ विडी आणि मोबाइल, दोन्ही नकोत.

## टप्पा ५: सुरुंगानंतरची परतीची वाट

आवाज झाला की सगळ्यांना वाटतं काम झालं. इथून पुढची अर्धी घटका दिवसातली सर्वांत फसवी असते. कडा नुकताच हादरलेला आहे, काल घट्ट वाजणारा दगड आज सुटलेला असू शकतो, आणि ढिगात न उडालेलं काही असू शकतं.

धूर आणि धूळ पूर्ण निवळू द्या. मग ब्लास्टर आणि मेट, फक्त दोघं, माथ्याच्या बाजूनं जातात. मिसफायरची, म्हणजे एखादा सुरुंग न उडाल्याची शंका असेल तर बत्तीच्या सुरुंगाला ३० मिनिटं आणि विजेच्या सुरुंगाला जोडणी काढल्यावर ५ मिनिटं थांबायचं, असं नियम सांगतो. माझा सल्ला सरसकट ३० मिनिटांचा आहे. कोणती पद्धत वापरली यावर वाद घालण्यापेक्षा चहा प्या.

मिसफायर सापडला तर तार ओढायची नाही, भोकातली माती उकरायची नाही, त्याच भोकात ड्रिल मारायचं नाही. जागा घेरा. ब्लास्टर स्वतः उभा राहून निदान ३० सेंटिमीटर अंतरावर, पहिल्या भोकाला समांतर, नवं भोक मारून घेतो आणि तो सुरुंग निकामी करतो. त्या पाळीत झालं नाही तर पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी नव्हे, लेखी सांगायचं, आणि जागेवर नेऊन दाखवायचं.

यानंतर पुन्हा टप्पा २. हो, पूर्ण. सुरुंगानंतरची ड्रेसिंग टाळून थेट भराईला लागणं हीच ती चूक, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. हायवा रांगेत उभे असतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, मालकाचा फोन येतो, आणि मेट म्हणतो, "काही नाही होत जी, एक गाडी भरू द्या." गाड्यांची वेळच सुरुंगानंतर दोन तासांनी ठेवा, म्हणजे हा दबाव तयारच होत नाही.

तपासा: पोकलेनवाल्याला सांगून ठेवा की ढिगात कॅप (डेटोनेटर), तार किंवा काडतूस दिसलं की बकेट खाली टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि ब्लास्टरला बोलवायचं. हातानं उचलून बाजूला ठेवायचं नाही.

## टप्पा ६: भराई आणि गाड्या

पायी माणूस आणि चालतं यंत्र एका जागी नको. भराई चालू असताना डबर निवडणारे, ड्रायव्हरचा क्लीनर, पावती देणारा, सगळे भराईच्या जागेबाहेर. पोकलेन फिरताना मागचं वजन दिसत नाही आणि कडा व यंत्र यांच्यामध्ये सापडलेला माणूस वाचत नाही.

रिव्हर्सचा भोंगा काढून टाकलेला हायवा फाटकातच परत पाठवा. काही दिवस नाराजी राहील, मग सगळे भोंगा लावून येतील. खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या उघड्या बाजूला सर्वांत मोठ्या चाकाएवढ्या उंचीचा मातीचा बांध हवा. चुन्याची रेघ गाडी अडवत नाही.

डाला (हायवाचा मागचा वर उचलला जाणारा भाग) वर करून गाडी हलवणं बंद. खदानीवरून जाणाऱ्या विजेच्या तारेला डाला लागला तर ड्रायव्हरनं केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाहेरच्यांनी गाडीला हात लावायचा नाही, महावितरणला फोन करून वीज बंद होईपर्यंत. आग लागली तरच बाहेर, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. एक हात गाडीला आणि पाय जमिनीला, असं कधीच नाही.

वर केलेल्या डाल्याखाली दुरुस्ती करायची असेल तर आधी लोखंडी टेकू. जॅकचं तेल कधी उतरेल याचा भरवसा नसतो.

## टप्पा ७: क्रशर

जॉमध्ये (क्रशरच्या दगड फोडणाऱ्या जबड्यात) मोठा दगड अडकतो. ऑपरेटर वर चढतो, सब्बलीनं टोचतो, दगड एकदम सुटतो आणि सब्बल माणसासकट आत ओढली जाते. किंवा मोटर बंद असते, पण फ्लायव्हील (क्रशरचं जड चाक) अजून फिरत असतं.

क्रम ठरवून घ्या: फीडिंग बंद, मोटर बंद, मुख्य स्विच खाली, स्विचच्या पेटीला कुलूप, चावी दगड काढणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात. मग फ्लायव्हील पूर्ण थांबलं का ते डोळ्यांनी बघायचं. त्यानंतर चेन आणि हुकानं दगड वर उचलून घ्यायचा. काम झालं की ज्याच्या खिशात चावी त्यानंच कुलूप काढायचं. "मी ओरडून सांगतो, मग चालू कर" ही पद्धत क्रशरच्या आवाजात चालत नाही.

कन्व्हेयरच्या शेपटीच्या पुलीला जाळी हवी, आणि बेल्टच्या संपूर्ण लांबीला ओढून थांबवायची दोरी. बेल्टखाली सांडलेली चुरी चालू बेल्टवर काढायची नाही. तिथे बायका काम करतात. साडीचा पदर आणि दुपट्टा आत ओढला जातो. वरून घट्ट कोट आणि केस टोपीत, हे त्यांना मालकानं द्यायचं, त्यांच्या पगारातून कापून नव्हे. पाण्याचे फवारे सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत चालू ठेवा. तपासणीची गाडी दिसल्यावर नळ सोडले जातात, ते सगळ्या गावाला दिसतं.

## उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काळा दगड त्याहून जास्त तापतो. काम पहाटे ६ ला सुरू करून ११ ला थांबवा, उरलेलं ४ नंतर. नवीन आलेल्या आणि गावाहून सुटी संपवून परतलेल्या माणसाला पहिला आठवडा अर्धंच काम. बडबड करणारा, घाम थांबलेला, अंग तापलेला माणूस दिसला तर तो प्यालेला आहे असं समजू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पावसाळ्यात मोठ्या सरीनंतर पहिली फेरी पुन्हा. ऊन पडलं म्हणजे कडा सुकला असं होत नाही. भेगांत पाणी राहतं आणि दगड पाऊस थांबल्यावर काही तासांनी सुटतात. माथ्यावर पाणी वळवणारी चर जूनच्या आधी खणा.

## अपघात झालाच तर

१. धावू नका. ज्या कड्यावरून एक दगड आला तिथून दुसरा येतो. आधी एक जण वर बघत उभा करा, मगच दोघं आत. वाचवायला गेलेला दुसरा माणूस दबणं, हे वारंवार घडतं.

२. यंत्र किंवा वीज असेल तर आधी ती बंद.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब, न सोडता. चुरी किंवा हळद जखमेत भरायची नाही.

४. उंचावरून पडलेल्याला बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. डोकं आणि मान एका रेषेत धरून तिघा-चौघांनी फळीवर घ्या. पिकअपच्या मागे दोघांच्या मांडीवर बसवून नेलेला माणूस पाठीचा कणा कायमचा गमावू शकतो.

५. दगडाखाली किती वेळ दबला होता ते घड्याळ बघून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. बराच वेळ दबलेला पाय मोकळा झाल्यावर काही वेळानं माणूस अचानक बिघडतो, मूत्रपिंडावर परिणाम होतो. "आता बरा आहे" म्हणून त्याला घरी पाठवू नका.

६. १०८ ला फोन करतानाच खदानीचा गट क्रमांक, गाव आणि मुख्य रस्त्यावरची खूण सांगा, आणि फाट्यावर एक माणूस उभा करा. गंभीर माणूस असेल तर जवळच्या छोट्या दवाखान्यात तासभर घालवण्यापेक्षा मेडिकलचं (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) ट्रॉमा सेंटर गाठा. हा निर्णय आधीच घेऊन फोनजवळ लिहून ठेवा.

मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली की डीजीएमएसला लगेच कळवायचं असतं. जीव गेला असेल तर जागा जशी आहे तशी ठेवायची. फक्त जखमी काढणं आणि पुढचा धोका टाळणं एवढ्यापुरता हात लावायचा. ७२ तासांत निरीक्षक आले नाहीत तर काम सुरू करता येतं. त्याच रात्री पोकलेन फिरवून सगळं सपाट करणारे मालक स्वतःचाच बचाव पुरतात, आणि मजुराच्या घरच्यांची भरपाईही अडकते. फोटो काढा, साक्षीदारांची नावं लिहा, हजेरीची वही कुलपात ठेवा.

## बंद केलेली खदान

दगड संपला की खड्डा तसाच सोडला जातो, पावसात भरतो आणि उन्हाळ्यात पोरं पोहायला येतात. काठ उभा, पाणी खोल, तळाशी तुटलेले दगड. बाहेर यायला हात धरायलाही जागा नसते.

सोडण्याआधी एका बाजूनं पाण्यापर्यंत जाणारा उतार ठेवा, म्हणजे पडलेला माणूस किंवा जनावर चढून येईल. काठापासून मागे, जमिनीच्या बाजूला काटेरी तारेचं कुंपण घाला आणि बाहेरून मातीचा बांध, कारण तार चोरीला जाते आणि बांध जात नाही. उताराजवळच्या खांबाला जाड दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब बांधून ठेवा. गणेश विसर्जनाच्या आधी आणि शाळांना उन्हाळ्याची सुटी लागण्याच्या आधी, असं वर्षातून दोनदा जाऊन कुंपण, बांध, दोर आणि ट्यूबची हवा बघून या.